हरणाऱ्या यंत्रांची बाजू

अकरावीतल्या एका मुलाने बनवलेला दीडशे ग्रॅमचा रोबो यंदा एका विज्ञान प्रदर्शनातून परत पाठवण्यात आला. तळहातावर मावणारं यंत्र. दोन चाकं, पोटात बॅटरी आणि तोंडाशी गरगर फिरणारा पोलादी ड्रम. परीक्षकांनी विचारलं, "हे काय करतं?" मुलगा खरं तेच बोलला, "समोरच्या रोबोला उडवतं, सर." त्यावर शेरा मिळाला, विध्वंसक आहे, समाजोपयोगी नाही. मी त्या मुलाला भौतिकशास्त्र शिकवतो. त्या संध्याकाळी गोंदियाच्या बसस्टँडवर तो माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात, तोंडातून शब्द नाही. मला तेव्हा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

पण हा लेख त्या परीक्षकांसाठी लिहिलेला नाही. नंतर आमच्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन शांतपणे समजावलं, त्यांना हे उत्तर आहे. त्यांचा मी मान राखतो. त्यांनी घडवलेली मुलं आज जिल्हाभर कामाला आहेत. त्यांचं म्हणणं असं, की मुलांच्या हाती मारामारीचं यंत्र देऊ नये. हा मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्या पोरांचा छंद आहे, आपल्या धानपट्ट्यातल्या मुलांना तो परवडायचा नाही. यातून कुणाचं पोट भरत नाही. आणि लिथियमची बॅटरी घरात पेटली तर जबाबदार कोण? यातला शेवटचा आक्षेप खरा आहे आणि त्याच्याकडे मी येणार आहे. बाकीच्यांवर मला भांडायचं आहे.

आधी मारामारीचं बघू. या खेळाचा जन्म कुणाच्या रागातून झालेला नाही. अमेरिकेत मार्क थॉर्प नावाचे गृहस्थ होते. 'स्टार वॉर्स' चित्रपटांसाठी प्रतिकृती आणि खेळणी बनवणाऱ्यांपैकी एक. 1992 च्या सुमारास त्यांनी रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्याला घरातला व्हॅक्यूम क्लीनर जोडून बघितला. घर झाडण्याच्या कामी तो प्रयोग फसला, पण त्या फसलेल्या यंत्राने त्यांच्या डोक्यात दुसरीच कल्पना पेरली. ऑगस्ट 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसन इथे त्यांनी 'रोबोट वॉर्स' भरवलं. पुढे ते बीबीसीवर गेलं, अमेरिकेत 'बॅटलबॉट्स' आलं आणि आज आपल्या पवईच्या आयआयटीत, 1998 पासून भरणाऱ्या 'टेकफेस्ट'मध्ये रोबोवॉर बघायला मुलं धक्काबुक्की करत उभी राहतात.

त्या आखाड्यात जखमी कोण होतं? प्लास्टिकचा सांगाडा, ॲल्युमिनियमची पट्टी, एखादा वाकलेला शाफ्ट. पूर्व विदर्भात अजूनही कोंबड्याच्या पायाला काती बांधून झुंजी लावल्या जातात. प्राण्यांना झुंजवणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी लावल्या जातात आणि त्यावर पैसा उधळला जातो. मुलं तिथे कडेला उभी असतात, कुणी त्यांना हुसकत नाही. शंकरपटाचंही सगळ्यांना ठाऊक आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या, पुढे राज्याने कायदा बदलला आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो वैध ठरवला. मी शंकरपटाच्या विरुद्ध नाही. धान घरात आल्यावर दाणीवर जोडी सुटते तेव्हा अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. मला एवढंच दाखवायचं आहे, की चुरस बघण्याची भूक या मातीत आधीपासून आहे. ती मुलांना रिमोटने शिकवलेली नाही. तान्ह्या पोळ्याला आपण चाकांवरचा लाकडी बैल सजवून पोराच्या हाती दोरी देतो, गल्लीत ओळ लागते, कुणाचा बैल सरस ते ठरतं आणि बक्षीस मिळतं. चाकांवरचं पहिलं यंत्र आपल्याकडे पोरांच्या हाती असं येतं, चुरशीसकट. ज्या खेळात शेपूट पिरगळावं लागत नाही आणि रक्त सांडत नाही, त्याच खेळाला हिंसक म्हणून दाराबाहेर काढायचं, हे मला पटत नाही.

या खेळाची रीतही बघावी. लढत तीन मिनिटांची. रोबो हलेनासा झाला की दहा आकडे मोजतात. आपल्या यंत्राची फार नासधूस होतेय असं वाटलं तर चालवणारा स्वतः हार कबूल करतो आणि समोरच्याने तत्क्षणी थांबायचं असतं. दोन लढतींच्या मध्ये, ज्याच्याशी पुढच्या फेरीत भिडायचं आहे त्यालाच सुटी मोटार किंवा चार्जर उसना देणं ही इथली पद्धत आहे. कारण समोर यंत्रच उभं राहिलं नाही तर लढायचं कुणाशी? आमच्या शाळेच्या व्हरांड्यात चार मुलांच्या लढती झाल्या तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलं. एकाची मोटार जळाली, तर त्याच्या प्रतिस्पर्ध्याने आपली शिल्लक मोटार पुढे केली आणि सोल्डरिंगला चिमटाही त्यानेच धरला.

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्या विज्ञान प्रदर्शनांत यंत्राला हरण्याची सोयच नसते. मुलं राबून मॉडेल करतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण ते मॉडेल टेबलावर ठेवलं, तक्ता लावला, पाठ केलेलं घडाघडा म्हटलं की काम संपतं. दिवा लागला नाही तर सर मागून वायर हलवतात. परीक्षक बोलण्याला गुण देतात. यंत्र खरंच काम करतं का, ताण आला तर काय होतं, तिसऱ्या दिवशी चालेल का, हे कुणी विचारत नाही. बारा-पंधरा वर्षं असं चाललं की मुलाच्या मनात पक्कं बसतं, विज्ञान म्हणजे नीट सांगता आलेली गोष्ट.

लढणाऱ्या यंत्रापुढे हे चालत नाही. सोल्डरिंग कच्चं असेल तर पहिल्या धक्क्याला तार निघते. स्क्रूला डिंक लावला नसेल तर तो थरथरीने सुटतो. चाक एका बाजूला अधर असेल तर रोबो गोल गोल फिरतो आणि सगळ्यांसमोर फिरतो. इथे समजावून सांगून गुण मिळत नाहीत. तुमची चूक शोधणं हेच तर समोरच्याचं काम आणि तो ती चाळीस सेकंदांत शोधतो. मग मुलगा घरी जातो, यंत्र उघडतो आणि कुठे मोडलं ते बघतो. असा गृहपाठ मी तीस वर्षांत कधी देऊ शकलो नाही.

त्या प्रदर्शनातल्या मुलाचंच सांगतो. त्याच्या पहिल्या ड्रमला समोरासमोर दोन दात होते. मिनिटाला बारा हजार फेरे. आवाज असा, की व्हरांड्यातल्या चिमण्या उडाल्या. पण समोरचा रोबो काही उडेना. ड्रम नुसता घासला जायचा, ठिणगी पडायची आणि दोघे एकमेकांना ढकलत बसायचे. त्याने ठरवलं, वेग अजून वाढवायचा. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे पुस्तकात आहे, त्याचं गणित चूक नव्हतं. मी म्हटलं, थांब, आधी मोज. बारा हजार म्हणजे सेकंदाला दोनशे फेरे. दात दोन, म्हणजे सेकंदात चारशे वेळा दात समोरून जातो. तुझा रोबो सेकंदाला दोन मीटर पुढे सरकतो. मग एक दात गेल्यावर दुसरा येईपर्यंत रोबो पुढे सरकतो किती? त्याने वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. पाच मिलिमीटर. म्हणजे अगदी सरळ धडकला तरी दाताला समोरच्यात शिरायला जास्तीत जास्त पाच मिलिमीटर. वेग दुप्पट केला तर अडीचच. ड्रम जितका जोरात, तितकं त्याला चावायला कमी मिळतं. मुलगा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, एक दात कापून टाकला तर?" दहा मिलिमीटर. हे त्याला मी सांगितलं नव्हतं.

त्याने दात कापला आणि ड्रम थरथरायला लागला. साहजिकच होतं. एका अंगाचं वजन गेलं होतं. रोबो जमिनीवर नाचायचा, चाकं टेकेनात. त्यात मोटार बदलताना तारा उलट लागल्या होत्या, त्यामुळे ड्रम वरच्याऐवजी खालच्या बाजूला फिरायला लागला आणि समोरच्याला उचलायच्या ऐवजी स्वतःच उडी मारायला लागला. मुलगा इंटरनेटवर कंट्रोलरची सेटिंग्ज शोधत बसला. माझीही मती तिथे चालेना, हे मी मोकळेपणाने सांगतो.

मग आम्ही एका राईस मिलमध्ये गेलो. गोंदिया हे तांदळाचं शहर आहे, इथे गल्लीच्या टोकाला भरडाई चालते. तिथले मिस्त्री साठीचे आहेत, शाळा सातवीपर्यंत. शेलरचे रबरी रूळ ते आयुष्यभर बदलत आले आहेत. दोन रूळ, एक जरा जोरात, एक जरा हळू, त्या फरकाने धानाचं तूस सुटतं. त्यांनी रोबो हातात घेतला, चष्मा वर केला आणि मोटारीकडे बोट दाखवलं. "तीन तारा हाय ना? कोणत्याही दोन तारांची अदलाबदल कर बाबू. आमची मोठी मोटार उलटी फिरली का आमी हेच करतो." झालं. थ्री-फेजच्या मोटारीचा नियम त्या नखाएवढ्या ब्रशलेस मोटारीलाही लागू आहे, हे मला कळायला हवं होतं. मी तो धडा दरवर्षी शिकवतो.

थरथरीचं त्यांनी कुठलंही गणित न करता केलं. हॅकसॉची दोन पाती धार वर करून व्हाइसमध्ये समांतर धरली, लेव्हल बघितली आणि ड्रमचा शाफ्ट त्या दोन धारांवर अलगद ठेवला. ड्रम आपोआप हळूच कलंडला आणि दात खाली येऊन थांबला. "पाय, एका अंगाले भारी हाय." त्या जागी खडूची खूण. ड्रिलने दाताच्या बुडाशी बारीक खळगा. पुन्हा धारेवर. पुन्हा कलंडला, पण सावकाश. पुन्हा खळगा. पाचव्या-सहाव्या वेळेला ड्रम जसा ठेवला तसाच राहिला. फिरवून बघितला, दुसऱ्या जागीही तसाच राहिला. मुलाने बटण दाबलं तेव्हा आवाज बदलला होता. आधी खडखडाट होता, आता एकसुरी गुंजन. मिस्त्रींनी डोळे मिटून ते ऐकलं आणि मान हलवली.

हे सगळं मी इतक्या विस्ताराने लिहिलं, कारण 'हा शहरी छंद आहे' या आक्षेपाला माझं उत्तर याच्यातच आहे. बेरिंगचा आवाज ओळखणारी माणसं, शाफ्ट सरळ करणारी, वाइंडिंग भरणारी, लेथवर दोरा काढणारी माणसं गोंदिया, तिरोडा, आमगावला आहेत. त्यांच्या हातातली विद्या आपल्या शाळेच्या भिंतीबाहेर पडली आहे आणि आत यायला तिला दार नाही. पाठ्यपुस्तकातलं 'वस्तुमान केंद्र' आणि मिस्त्रींचा 'तोल' ही एकच गोष्ट आहे, हे त्या मुलाला दीडशे ग्रॅमच्या यंत्राने दाखवलं. मुलगा पहिल्यांदाच मिलमध्ये काहीतरी विचारायला गेला होता. त्याचे वडील त्याच रांगेतल्या दुसऱ्या मिलमध्ये पोती उचलतात.

खर्चाच्या आक्षेपात मात्र अर्धं तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे महाविद्यालयांच्या महोत्सवांत जे रोबोवॉर होतं ते आठ किलो, पंधरा किलो, कुठे थेट साठ किलोंचं. साठ किलोंच्या यंत्रात एक मोटार जळाली की हजारो रुपये गेले. तिथे जिंकणारा बहुतेक वेळा तोच असतो, ज्याच्यामागे प्रायोजक उभा आहे. आमच्या मुलांना मी नागपूरला असा एक सामना बघायला नेलं होतं. परतीच्या गाडीत तुमसर येईपर्यंत कुणी बोललं नाही. बघून मजा आली होती, पण आपलं इथे काम नाही हेही कळलं होतं.

म्हणूनच मी छोट्या वजनाचा आग्रह धरतो. इंग्लंडमध्ये दीडशे ग्रॅमच्या गटाला 'अँटवेट' म्हणतात, मुंगीच्या वजनाचा गट. नियम साधा, वजन दीडशेच्या आत आणि सुरुवातीला रोबो चार इंची चौकोनी ठोकळ्यात मावला पाहिजे. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन होतं. चाकांच्या छोट्या गिअर मोटारी दोन-अडीचशे रुपयांना येतात. रिमोट सोडला तर आमचा एक रोबो तीन हजारांच्या आत झाला. रिमोट महाग आहे हे खरं, पण एक रिमोट चार मुलं आळीपाळीने वापरतात. सांगाडा आम्ही भाजी कापायच्या जाड प्लास्टिकच्या पाटापासून कापला. तो फुटत नाही, नुसता ओरखडतो. तीन हजार ही आपल्या घरांत लहान रक्कम नाही, मला माहीत आहे. पण अटल टिंकरिंग लॅबसाठी नीती आयोग एकेका शाळेला वीस लाखांपर्यंत देतो, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, 2016 पासून. 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजार लॅब जाहीर झाल्या. अशा एका लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचं आच्छादन जसंच्या तसं बघून मी आलो आहे. मोडेल म्हणून मुलांना हात लावू देत नव्हते. पैसा कमी आहे असं मला तिथे वाटलं नाही. मोडण्याची भीती जास्त आहे.

आणि ज्ञानाला पैसे पडत नाहीत. रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठातले प्राध्यापक मार्को अंतोनियो मेज्जोलारो यांनी लढाऊ रोबो कसे बनवायचे याचा जाडजूड ग्रंथ लिहून सगळ्यांना फुकट खुला केला. दात किती घुसतो याचं गणित त्यातही आहे, हे मला नंतर कळलं. सालेकशाचं पोर तो ग्रंथ मोबाइलवर वाचू शकतं. इंग्रजी अडतं, तिथे आम्ही आहोत.

आता बॅटरी. हा आक्षेप खरा आहे आणि जो तो झटकून टाकतो त्याच्या हाती मुलं देऊ नयेत. लिथियम पॉलिमरचा सेल 4.2 व्होल्टच्या वर भरला, तीनच्या खाली उतरवला, टोचला गेला किंवा फुगलेला असूनही वापरला, तर तो धगधगून पेटू शकतो. म्हणून आमच्याकडे चार्जिंग फक्त शाळेत, फक्त दिवसा, समोर मोठं माणूस बसलेलं आणि शेजारी वाळूची बादली. घरी बॅटरी नेता येत नाही. मुलं कुरकुरतात, त्याला इलाज नाही. ड्रमला वाहतुकीत कुलूप म्हणजे खिळा घातलेला असतो, तो फक्त लढतीच्या पेटीचं झाकण बंद करण्याआधी काढायचा. पेटी पॉलिकार्बोनेटची. काचेची नाही आणि ॲक्रेलिकचीही नाही, कारण ॲक्रेलिक तडकलं की त्याचे सुरीसारखे तुकडे उडतात. प्रत्येक लढतीआधी एक चाचणी होते. ड्रम फिरत असताना रिमोट मुद्दाम बंद करायचा. यंत्र त्याच क्षणी शांत झालं पाहिजे. स्वस्तातले काही रिसिव्हर संदेश तुटला की शेवटचा हुकूम धरून बसतात आणि ड्रम फिरतच राहतो. असा रोबो आमच्याकडे लढत नाही, मग तो कुणाचाही असो.

हे नियम आकाशातून पडले नाहीत. 1995 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आखाड्यात जेमी हाइनमन यांचा 'ब्लेंडो' नावाचा गोल फिरणारा रोबो उतरला. त्याने प्रतिस्पर्ध्यांचे तुकडे भिंतीवरून बाहेर फेकले. आयोजकांनी त्याला सहविजेता घोषित करून माघार घ्यायला लावली, कारण प्रेक्षकांच्या जिवाला धोका होता. त्यानंतर भिंती वाढल्या, छत आलं, तपासण्या आल्या. आमच्या मुलांना ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगतो. ताकद जिंकली तरी तिला आखाड्यात राहू दिलं नाही, ही गोष्ट. मारामारी शिकवण्याचा आरोप करणाऱ्यांनी सांगावं, जोर आणि जबाबदारी एकत्र शिकवणारा असा दुसरा तास आपल्या वेळापत्रकात कुठे आहे? गावात सोळा वर्षांची पोरं ट्रॅक्टर चालवतात, थ्रेशरमध्ये हात घालतात, पंपाच्या उघड्या तारा जोडतात. त्यांना खिळा, कुलूप आणि 'आधी बंद कर, मग हात लाव' ही सवय कोण लावतं?

पोट भरण्याबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण प्रत्येक गोष्टीला आधी पोटाचा हिशेब विचारणं मला मान्य नाही. आपण मुलाला कबड्डी खेळू देताना तो विचारत नाही. पण विचारलाच आहे, तर गोंदियाच्या स्टेशनसमोर उभं राहून ई-रिक्षा मोजाव्यात. त्यांच्या पोटात ब्रशलेस मोटार आहे, कंट्रोलर आहे, बॅटरी आहे. शेतावर फवारणीचे ड्रोन यायला लागले आहेत, त्यांच्यातही तेच. बिघडल्यावर ते दुरुस्त कोण करणार? पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेने बनवलेला 'दक्ष' बॉम्बजवळ जातो आणि त्याला चालवणारा जवान लांब, सुरक्षित अंतरावर उभा असतो. रिमोट, चाकं, बॅटरी, संदेश तुटला तर काय करायचं याचा विचार. मुळाक्षरं तीच आहेत, आणि ती सोळाव्या वर्षी गिरवलेली बरी.

माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या हंगामात, धानाची कापणी आटोपल्यावर, आम्ही शाळेत दीडशे ग्रॅमच्या लढती ठेवतो आहोत. आठ रोबो असतील, त्यातले तीन मुलींचे. पंच म्हणून मिलचे मिस्त्री येणार आहेत. त्यांच्या शेजारची खुर्ची मी तुमच्यासाठी धरून ठेवतो. लढत संपल्यावर जिंकलेल्याकडे बघू नका. हरलेलं पोर यंत्र घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसेल आणि स्क्रू ड्रायव्हर काढेल. त्याच्याजवळ जाऊन त्याला विचारा, काय मोडलं आणि का मोडलं. मग मला सांगा, तुमच्या तासाला इतकं नेमकं उत्तर कोणत्या विद्यार्थ्याने दिलं होतं.